जुन्या डिझेल जीपचं इंजिन बदलताना क्लचकडे आधी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात महिंद्राच्या जुन्या डिझेल जीप अजून रोजच्या कामात आहेत. उसाच्या फडाला, तंबाखूच्या शेताला, जांबोटीकडच्या रानवाटांना त्याच जातात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत एक्सडीपी ४.९० हे प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन आहे. चेसिस ठणठणीत, पण क्रँकचं (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या शाफ्टचं) ग्राइंडिंग शेवटच्या अंडरसाइजपर्यंत पोचलेलं, म्हणजे आणखी घासायला जागा नाही, आणि डिझेल पंप थकलेला, अशा अवस्थेत गाडी येते आणि मालक म्हणतो, "आता डीआय बसवा." डीआय म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन. मागणी रास्त आहे. प्यूजोचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८३. महिंद्राच्या २५२३ सीसी डीआयचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६. लांब स्ट्रोकचं हे इंजिन खालच्या आरपीएमला चांगलं ओढतं आणि ग्लो प्लगशिवाय (सिलिंडर तापवणाऱ्या कांडीशिवाय) सुरू होतं.

या सगळ्या कामात इंजिन चेसिसवर बसवणं सगळ्यात सोपं. ब्रॅकेट कापून वेल्ड केले की ते बसतं. काम बिघडतं ते फ्लायव्हील (क्रँकच्या मागे बसणारं जड चाक) आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या वीतभर जागेत. इंजिन बदललेल्या गाड्या तक्रार घेऊन येतात तेव्हा तक्रार बहुधा क्लचची असते: पहिला गिअर कुरकुरतो, गाडी उठताना थरथरते, नवी क्लच प्लेट एका हंगामात जळते, गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग पुन्हा पुन्हा ओरडतं. प्लेट बदलून हे थांबत नाही. बेलहाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या कवचाला) डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं मापक) लावला की कारण दिसतं. म्हणून इथे जास्त भर त्याच जागेवर आहे.

पण आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं आहे. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकलं तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा असतो. वेगळ्या प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तर आरटीओचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय जुनं इंजिन उतरवू नका. नकार आला तर आहे त्याच इंजिनाचं नीट ओव्हरहॉल करा किंवा त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन शोधा; खाली दिलेली मोजमापं तिथेही तशीच लागू पडतात. आपल्याकडे इंजिन बहुधा कोल्हापूर-सांगलीकडच्या एमएच गाडीतून निघालेलं असतं आणि बसतं केए-२२ किंवा केए-२३ गाडीत. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत घ्या. ब्लॉकवरचा नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर इंजिन कितीही चांगलं असो, घेऊ नका. विमा कंपनीलाही बदल कळवा, नाहीतर अपघातानंतर नंबर जुळत नाही म्हणून दावा अडतो.

इंजिन निवडताना ते शक्यतो चालू अवस्थेत बघावं. ऑइल फिलरचं झाकण काढून धूर किती जोरात येतो ते बघायचं, गरम इंजिनावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं. चारही आकडे एकमेकांच्या ३ बारच्या आत असावेत. यापुढची एक तपासणी बरेच जण सोडतात, ती म्हणजे क्रँकचा लांबीतला खेळ. क्रँकच्या पुढच्या टोकावर डायल गेज टेकवून टॉमीने (लोखंडी दांड्याने) क्रँक पुढेमागे ढकला. साधारण ०.१ ते ०.३ मिमी खेळ चालतो. ०.४ च्या वर गेला असेल तर थ्रस्ट वॉशर संपलेले आहेत. प्रत्येक वेळी क्लच दाबला की रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) क्रँकला पुढे ढकलतं, आणि तो सगळा भार हे थ्रस्ट वॉशरच घेतात. ते संपलेले असताना नवा, जास्त ताकदीचा क्लच घातला तर क्रँक ब्लॉकवर घासायला लागतो. मग ब्लॉकच जातो.

इंजिनासोबत त्याचं बेलहाउसिंग, मागची प्लेट, फ्लायव्हील, स्टार्टर, मॅनिफोल्ड, पंपापासून नोझलपर्यंतचे पाइप आणि व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर एकाच वेळी घ्या. नंतर यातली एक वस्तू शोधायला भंगारबाजार पालथा घालावा लागतो. जमत असेल तर त्याच इंजिनाचा गिअरबॉक्सही घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. तेव्हा क्लचचं जवळजवळ सगळं काम कारखान्याच्या मापावर राहतं, आणि तुम्हाला गिअरबॉक्सचा माउंट, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीची) जोडणी आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी एवढंच बघावं लागतं.

जुनं इंजिन उतरवण्याआधी मापं लिहून ठेवा: क्रँक पुलीच्या मध्यापासून चेसिसच्या दोन्ही बाजूंचं अंतर, पंख्यापासून रेडिएटरचं अंतर, पुढच्या ॲक्सलपासून ऑइल संपची (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पातेल्याची) उंची, आणि कोन मोजायच्या चुंबकी गेजने ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा आणि मागच्या डिफरन्शियलच्या फ्लँजचा कोन. पुढे नवे माउंट वेल्ड करताना हे दोन कोन एकमेकांशी एका अंशाच्या आत समांतर आले पाहिजेत. जीपचा मागचा शाफ्ट आखूड असतो, त्यामुळे कोनातला फरक लगेच घरघर म्हणून ऐकू येतो आणि युनिव्हर्सल जॉइंट लवकर जातात.

आता मुख्य काम. गिअरबॉक्स बाजूला ठेवून रिकामं बेलहाउसिंग इंजिनाला डॉवेलसकट (जागा पक्की धरणाऱ्या पिनांसकट) बसवा आणि बोल्ट पूर्ण आवळा. नोझल काढून ठेवा म्हणजे क्रँक हाताने फिरेल. डायल गेजचा चुंबकी तळ फ्लायव्हीलवर, आणि टोक बेलहाउसिंगच्या मागच्या मोठ्या बोअरच्या आतल्या भिंतीवर. गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग रिटेनर ज्यात बसतो तोच हा बोअर. गेजचा दांडा आखूड आणि ताठ असावा, लांब दांडा स्वतःच्या वजनाने झुकून खोटं माप देतो. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून वर, उजवीकडे, खाली, डावीकडे अशी चार मापं घ्या.

समजा वर शून्य, उजवीकडे अधिक ०.१५, खाली उणे ०.१० आणि डावीकडे उणे ०.२५ आलं. समोरासमोरच्या मापांची बेरीज दोन्ही जोड्यांत सारखी येते, उणे ०.१०, म्हणजे मापं बरोबर घेतली आहेत. आडव्या दिशेत एकूण फरक ०.४०, त्याचा अर्धा ०.२०. गेजची सुई अधिककडे गेली म्हणजे त्या बाजूची भिंत क्रँकच्या मध्याजवळ आहे, तेव्हा बोअर ०.२० मिमी डावीकडे सरकलेला आहे. उभ्या दिशेत फक्त ०.०५. चालण्याची मर्यादा म्हणजे एकूण फरक ०.२५ मिमी, मध्यातला सरक साधारण ०.१२. इथे बेलहाउसिंग उजवीकडे घ्यावंच लागेल. त्यासाठी एक्सेंट्रिक (मध्य सरकवलेले) डॉवेल वापरतात, किंवा जुने डॉवेल काढून बेलहाउसिंग लाकडी हातोडीने ठोकत मापात आणायचं, बोल्ट आवळायचे आणि डॉवेलची भोकं पुन्हा रीमरने मारून मोठे डॉवेल बसवायचे. त्यानंतर टोक मागच्या सपाट फेसवर टेकवून पुन्हा एक फेरा. इथे क्रँक एकाच दिशेला दाबून धरावा लागतो, नाहीतर लांबीतला खेळच मापात शिरतो. ०.१५ च्या आत असावं. जास्त आलं तर शिम (पातळ पत्रा) शोधण्याआधी फेसवरचा जुना रंग, सुकलेला सिलिकॉन आणि डॉवेलभोवतीची बर (धातूची खरखरीत कड) साफ करा. अर्ध्या वेळा तेवढ्यानेच माप जागेवर येतं.

मध्य जुळला नाही तर काय होतं हे समजून घेतलं की ही कटकट कोणी टाळणार नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलबरोबर एका मध्याभोवती फिरते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट दुसऱ्या मध्याभोवती. प्लेटच्या हबला (मधल्या भागाला) प्रत्येक फेऱ्यात स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर) सरकावं लागतं. स्प्लाइन झिजतात, हबचे रिव्हेट सैल होतात, पायलट बुश (शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) अंडाकृती होतं आणि इनपुट बेअरिंग ओरडतं. क्लच दाबला तरी वाकडं बुश शाफ्टला फिरवत राहतं, म्हणून पहिला आणि रिव्हर्स कुरकुरतात. मालकाला वाटतं क्लच सुटत नाही, आणि मेकॅनिक रॉड ताणत बसतो.

गिअरबॉक्स जुना आणि इंजिन वेगळं असेल तर मध्ये ॲडॉप्टर प्लेट येते. हे काम करायला आपल्याकडे बेळगावचं उद्यमबाग हे औद्योगिक क्षेत्र आहे. ओतकाम, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिक सिलिंडर मशीन करणाऱ्या लोकांना मिमीचा शंभरावा भाग समजावून सांगावा लागत नाही, आणि असे हात घराजवळ असणं ही या भागाची मोठी सोय आहे. मात्र टर्नरकडे पुठ्ठ्यावर भोकं उमटवून नेऊ नका. इंजिनाची मागची प्लेट आणि बेलहाउसिंग दोन्ही वस्तू न्या. प्लेट १६ मिमीची केली तर गिअरबॉक्स १६ मिमी मागे जातो, आणि त्याबरोबर शाफ्टचं टोक पायलट बुशमधून, हब स्प्लाइनवरून आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांपासून तेवढंच मागे सरकतं. शाफ्टचं टोक बुशमध्ये किमान १० ते १२ मिमी असलं पाहिजे. नसेल तर क्रँक फ्लँज आणि फ्लायव्हील यांच्यात तेवढाच स्पेसर टाकतात. स्पेसर ईएन-८ किंवा ईएन-१९ पोलादाचा, मध्ये उंचवटा देऊन टर्न केलेला हवा. फ्लायव्हीलचा मध्य त्या उंचवट्याने धरला जातो. बोल्ट फक्त आवळतात, मध्य धरत नाहीत. स्टार्टर बेलहाउसिंगवर असेल तर तोही मागे जातो आणि दात जुळतात. इंजिनाच्या मागच्या प्लेटवर असेल तर रिंग गिअर त्याच्यापासून दूर जाईल, तेव्हा ते आधीच मोजा.

क्लच प्लेट निवडताना बाहेरचा घेर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटप्रमाणे, मधले स्प्लाइन गिअरबॉक्सप्रमाणे. दोन्ही जुळणारी तयार प्लेट मिळाली तर सगळ्यात उत्तम. नाही मिळाली तर एका प्लेटमध्ये दुसरीचा हब रिव्हेट करून देतात, पण अशी प्लेट बॅलन्स केल्याशिवाय लावू नये. ताकदीचा हिशेब सोपा आहे: दोन फेस × घर्षण ०.३ × दाब × सरासरी त्रिज्या. प्लेट बाहेरून २१५ मिमी आणि आतून १४५ असेल तर सरासरी त्रिज्या ९० मिमी. प्रेशर प्लेटचा दाब ४५०० न्यूटन धरला तर २ × ०.३ × ४५०० × ०.०९ = २४३ न्यूटन मीटर. इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या दीडपट क्षमता पुरेशी असते, म्हणजे १५० न्यूटन मीटरच्या इंजिनाला हा क्लच आरामात चालेल. याहून फार कडक प्रेशर प्लेट घालण्यात फायदा नाही. पाय दुखतो, फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) वाकतो आणि वर सांगितलेले थ्रस्ट वॉशर मरतात.

हा हिशेब कोरड्या प्लेटचा आहे. तेल लागलं की घर्षण निम्म्यावर येतं, म्हणून क्रँकचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील याच वेळी नवं टाका.

फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर ती जागा तापून कडक झालेली असते. लेथचं टूल तिथे उडी मारतं आणि उंचवटा राहतो, म्हणून असा फ्लायव्हील ग्राइंडिंगलाच द्यावा. पायरी असलेल्या फ्लायव्हीलमध्ये प्लेट घासते त्या फेसवरून ०.५ मिमी काढलं तर प्रेशर प्लेट बसते त्या पायरीवरूनही तेवढंच काढावं लागतं. हे विसरलं तर दाब कमी होतो आणि नवीन क्लच पहिल्याच घाटात घसरतो. मशीन केल्यावर फेसचा रनआउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) ०.१० मिमीच्या आत हवा. रिंग गिअर बदलताना तो सगळीकडून सारखा, २०० ते २३० अंशांपर्यंत तापवून बसवा. गॅसच्या ज्योतीने निळा होईपर्यंत तापवला तर दात मऊ पडतात. दातांची तासलेली बाजू स्टार्टरचा पिनियन जिकडून शिरतो तिकडे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्या. बॅलन्सिंगच्या जी ६.३ या दर्जाला ४००० आरपीएमसाठी १० किलोच्या फ्लायव्हीलला १५० ग्रॅम-मिमी एवढीच सूट आहे, म्हणजे १३० मिमी त्रिज्येवर जेमतेम १.१५ ग्रॅम. क्रँकवरची जागाही खूण करून तीच ठेवा.

पायलट बुश पितळी सिंटर्ड असेल तर बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवावं. प्लेट बसवताना स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. सेंटरिंगला जुना इनपुट शाफ्ट वापरा, डोळ्याने मध्य धरू नका. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, दोन-दोन फेऱ्यांनी, एम-८ ला साधारण २५ न्यूटन मीटर. स्प्लाइनला ग्रीस फक्त पुसल्यासारखं. गिअरबॉक्स चढवताना तो शाफ्टवर लटकू देऊ नका. तेवढ्या वजनाने प्लेटचा हब वाकतो आणि मग थरथर कायमची.

यानंतर पेडलचं गणित. मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) जुन्या गाडीचा आणि स्लेव्ह (फोर्ककडचा) नव्या बेलहाउसिंगबरोबर आलेला, अशी जोडी बहुतेक गाड्यांत बनते आणि तिथे मोजमाप कोणी करत नाही. पेडल १५० मिमी खाली जातं आणि त्याचं गुणोत्तर ५ असेल तर मास्टरचा पिस्टन ३० मिमी सरकतो. मास्टर ५/८ इंची आणि स्लेव्ह ३/४ इंची असेल तर स्लेव्ह ३० × (५/६)² = २०.८ मिमी सरकेल. फोर्कचं गुणोत्तर २ असेल तर बेअरिंग १०.४ मिमी. मोकळा खेळ २ मिमी वजा केला की ८.४ मिमी खरी दाब. डायफ्राम (एकाच गोल स्प्रिंगच्या) क्लचला सहसा एवढी पुरते. तिथेच स्लेव्ह ७/८ इंची लावला तर बेअरिंगला साडेसात मिमी आणि खरी दाब साडेपाच. क्लच सुटणारच नाही, कितीही एअर काढा. उलट स्लेव्ह ५/८ लावला तर १३ मिमी दाब जाते, बोटं प्लेटच्या हबवर टेकतात आणि डायफ्राम तुटतो. फोर्कची पोझिशनही बघा: दाबाच्या मध्यावर तो शाफ्टशी काटकोनात असावा. फ्लायव्हील घासून पातळ झाला असेल तर पिव्हटच्या बॉलखाली तेवढ्या जाडीचा वॉशर घालून हे जमवता येतं.

बाकीची कामं ठरावीक आहेत. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, म्हणून ब्रेक बूस्टर अल्टरनेटरमागच्या व्हॅक्यूम पंपावर चालतो. त्याची ऑइल फीड आणि परतीचा पाइप जोडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. ॲम्बॅसिडरमध्ये १४८९ सीसीच्या डिझेलच्या जागी १९९५ सीसीचं इसुझू बसवतानाही हीच काळजी, शिवाय त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवाच टाकायचा. इंजिन ते चेसिस जाड अर्थिंग पट्टी हवीच, नाहीतर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून आणि बेअरिंगमधून वाट काढतो. डीआयची कमाल आरपीएम प्यूजोपेक्षा कमी, त्यामुळे ॲक्सलचं गुणोत्तर बघा. टायरचा घेर २.२ मीटर, टॉप गिअर सरळ आणि ॲक्सल ५.३८ असेल तर ३००० आरपीएमला ताशी ७४ किमी, ४.८८ ला ८१. फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल दोन्ही एकदम बदलावे लागतात.

पहिल्यांदा सुरू करताना एअर क्रमाने काढा: फिल्टर, पंप, मग नोझलचे नट. एअर फिल्टरचा पाइप काढून एक माणूस जाड फळी घेऊन इनटेकपाशी उभा ठेवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकला आणि इंजिन पळत सुटलं तर चावी काही करत नाही, हवा बंद करावी लागते. पंपावरच्या कमाल इंधनाच्या स्क्रूला हात लावू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथे हवा आधीच विरळ. जास्तीचं डिझेल नुसतं काळा धूर होतं, आणि जुन्या गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या काळेपणाचं एकक) आहे.

क्लच जमायला पाचेकशे किमी लागतात. तोवर ट्रॉली ओढू नका, घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका. त्यानंतर तवंदी घाटात चाचणी घ्या: तिसऱ्या गिअरात, १५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. लगेच पाय काढा आणि आधी फोर्कला मोकळा खेळ आहे का ते बघा, कारण बेअरिंग बोटांवर टेकून राहिलं तरी हेच लक्षण दिसतं. उठताना थरथर असेल तर तेल, माउंट आणि फेसचा रनआउट, या क्रमाने. आवाज क्लच दाबल्यावर येत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बुश. सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येत असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग.

हजार किमीनंतर माउंट, बेलहाउसिंग आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा, क्लचचा खेळ पुन्हा मोजा. बेलहाउसिंगच्या तळाचं भोक मोकळं आहे ना ते खानापूरकडच्या गाड्यांनी पावसाळ्याआधी बघावं. ओढ्यातून जाण्यापुरता त्यात प्लग लावतात, पण बाहेर आल्यावर तो काढायचा असतो. त्या भोकातून तेल ठिबकत असेल तर बोटावर घेऊन बघा: काळं आणि पातळ असेल तर इंजिनाचं मागचं सील, दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं.